आठ महिने नोडल रेल वापरल्यावर: सिद्धेश्वर तलाव ते मंगळवेढ्याचं रान

दिवाळीच्या आधी नोडल रेल (ट्रायपॉडवर कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी) आणि एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभा बसवायचा एल आकाराचा धारक) असा जोड घेतला, साडेचार हजारांना. घेतला तो सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरच्या कठड्यामुळे. हातात कॅमेरा धरून काढलेल्या शेजारशेजारच्या फ्रेम पॅनोरमासाठी, म्हणजे एका रुंद फोटोसाठी, जोडल्या की पाण्यातलं देऊळ नीट बसायचं, पण पुढचा लोखंडी गज मध्येच तुटायचा. वरचा तुकडा एकीकडे, खालचा बोटभर बाजूला. दोन सॉफ्टवेअर बदलली, गज तुटलेलाच. कॅमेरा माझ्या अंगाभोवती फिरत होता, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये जवळचा गज लांबच्या देवळापुढून थोडा सरकत होता. लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरवलं तर ही सरक थांबते. तो बिंदू बरोबर ट्रायपॉडच्या मध्यावर आणायचा, एवढंच रेलचं काम. सगळे त्याला नोडल पॉइंट म्हणतात. खरं तर तो लेन्सचा एन्ट्रन्स प्युपिल, म्हणजे लेन्समध्ये समोरून पाहिलं की ॲपर्चर जिथे दिसतं ती जागा.

तो शोधण्यात गच्चीवर एक अख्खी सकाळ गेली. कपड्यांच्या दोरीचा खांब दोन हातांवर, त्याच्या रेषेत लांबची पाण्याची टाकी. कॅमेरा फिरवायचा, खांब टाकीवरून सरकला की रेल थोडी मागे घ्यायची, लाइव्ह व्ह्यू मोठा करून पुन्हा बघायचं. शेवटी खांब टाकीला चिकटून राहिला तिथे रेलवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. हा ठिपका माझ्या ३५ मिमी लेन्सचा. झूम वापरत असाल तर फोकल लेंग्थ बदलली की जागाही बदलते.

आता एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा उभा लावतो आणि दर १५ अंशांवर एक अशा ११ फ्रेम घेतो. शेजारच्या दोन फ्रेम साधारण ४० टक्के एकमेकींवर चढतात. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढूनच ठेवायचा, नाहीतर आभाळात मध्येच गडद पट्टा येतो. ह्युगिन या फ्रेम जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलिंड्रिकल प्रोजेक्शन (चित्र नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं पसरवायची पद्धत) निवडतो, आणि पाण्यावर पडलेले कंट्रोल पॉइंट (दोन फ्रेम जुळवायच्या खुणा) हाताने पुसतो, कारण लाट दोन फ्रेममध्ये एकाच जागी नसते. हाती येतो सुमारे २७,००० पिक्सेल रुंद फोटो, ३०० डीपीआयला साडेसात फूट. त्यात कठड्याचा गज वरपासून खालपर्यंत एकसंध! पहिल्यांदा दिसला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

तक्रार एक आहे. क्लॅम्पचा स्क्रू तिसऱ्या महिन्यातच सैल पडायला लागला. भुईकोट किल्ल्याच्या तटाला खेटून काढलेली एक पूर्ण मालिका त्यात गेली. रेल दोनेक मिलिमीटर घसरली होती आणि जवळच्या दगडांच्या कडा दुहेरी झाल्या. आता प्रत्येक मालिकेआधी ठिपका तपासतो. या किमतीत स्क्रू तरी धड द्यायला हवा होता.

जे हलतं त्याला रेलचा इलाज नाही. जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कणसं भरलेली ज्वारी वाऱ्यावर डोलत होती. जोडल्यावर कित्येक कणसांना जुळी कणसं फुटली. तिथे कुठल्या फ्रेममधलं कणीस ठेवायचं ते मास्क करून, म्हणजे नको तो भाग झाकून, एकेक ठरवावं लागलं. पुढच्या वेळी पहाटे वारा पडलेला असताना जाणार.

हिप्परगा तलावावर मात्र रेल पिशवीतच राहते. पुढ्यात काही नसतं, पलीकडचा काठ लांब, हातातल्या कॅमेऱ्यानेही जोड बिनचूक येतो. तुम्ही असेच मोकळे देखावे काढत असाल तर हे साडेचार हजार वाचवा, आणि त्यातून पाणसळ असलेला चांगला पॅनिंग बेस (कॅमेरा आडवा फिरवायची बैठक) घ्या. माझा बेस अजून जुनाच आहे, क्षितिज सरळ करण्यात दर वेळी वरखाली बरंच कापावं लागतं.