गीझरसाठी डबल पोल आरसीबीओ: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

फोंड्यातील आमच्या जुन्या घरात गीझरसाठी १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीबीओ (गळती किंवा जादा भार होताच फेज म्हणजे वीज आणणारी व न्यूट्रल म्हणजे परतीची, अशा दोन्ही तारा तोडणारे साधन) आणि न्हाणीघराबाहेर २० अँपिअरचा डीपी म्हणजे डबल पोल स्विच बसवल्यानंतर आता संपूर्ण पावसाळा उलटला आहे. पूर्वी सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी (केवळ गळती ओळखून पुरवठा तोडणारे साधन) होता आणि गीझरला साधा सिंगल पोल एमसीबी (केवळ जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास तोडणारा). गेल्या वर्षी मृगाच्या सरींबरोबर तो आरसीसीबी वारंवार ट्रिप होऊ लागला आणि गीझरचा एमसीबी बंद ठेवला तरी थांबेना. वायरमनने फ्रिजपासून विहिरीच्या पंपापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला व प्रत्येक खेपेचे पैसेही घेतले. दोष निघाला तो गीझरच्याच एलिमेंटमध्ये, न्यूट्रलच्या टोकाशी.

सिंगल पोल एमसीबी केवळ फेज तोडतो. न्यूट्रल अर्थला टेकलेलाच राहिला, तर इतर उपकरणांचा परतीचा थोडा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जातो आणि आरसीसीबीला जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहांत फरक आढळतो. म्हणून गीझरच्या बाबतीत न्यूट्रल तुटतो की नाही, हाच प्रश्न मी दुकानदाराला सर्वांत आधी विचारतो. बाकीच्या वैशिष्ट्यांचे मला फारसे महत्त्व वाटत नाही.

प्रारंभी किंमत मला अवाजवी वाटली होती, कारण साध्या एमसीबीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले आणि दोन खाचांची जागा लागत असल्यामुळे डिस्ट्रिब्युशन बोर्डही बदलावा लागला. त्यातच वायरमनने गीझरचा न्यूट्रल आरसीबीओमधून न नेता सामाईक पट्टीवर जोडला, त्यामुळे गीझर चालू करताच तो ट्रिप होई. जोडणी दुरुस्त झाल्यावर ही तक्रार संपली. सामाईक आरसीसीबीच्या आधीच त्याला वेगळा पुरवठा दिल्यामुळे दोन्ही एकदम ट्रिप होण्याचा प्रश्नही उरला नाही.

किमतीविषयीचे माझे मत चवथीनंतर बदलले. मूळ घरून परतल्यावर गीझर लावताच आरसीबीओ ट्रिप झाला. गॅस्केटमधून झिरपलेले पाणी एलिमेंटच्या टोकांवर आले होते. मात्र फ्रिज चालू होता, दिवे चालू होते, आणि डीपी स्विच बंद करून दुरुस्ती निर्धास्तपणे करता आली.

आपल्याकडील जांभ्या जमिनीत हे साधन अधिकच आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत ती कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला फेज थेट गीझरच्या धातूच्या भागाला लागूनही साडेअकरा अँपिअरच प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने ट्रिप होणार नाही आणि तो धातू जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरच्या आरसीबीओला मात्र एवढी गळती पुरेशीहून अधिक आहे. अर्थिंग नीट ठेवण्याची गरज त्यामुळे संपत नाही, हेही तितकेच खरे.

एक त्रुटी मला आजही खटकते. ट्रिप गळतीमुळे झाला की जादा भारामुळे, हे खटक्याकडे पाहून कळत नाही. या किमतीत वेगळी खूण देणे उत्पादकाला सहज शक्य होते. टेस्टचे बटण मी महिन्यातून एकदा दाबतो आणि आतापर्यंत प्रत्येक वेळी ते चालले आहे. विहिरीच्या पंपासाठीही असाच आरसीबीओ घेणार आहे, पण खूण असलेला मिळेल त्याच कंपनीचा.