नगरकडची ख्रिस्ती कीर्तन मंडळी बोलावली होती, त्याचा रिव्ह्यू (पाचपैकी चार)

आईपप्पांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलेला, ऑर्केस्ट्राला पप्पांनी साफ नाही म्हटलं म्हणून नगरकडची एक ख्रिस्ती कीर्तन मंडळी बोलावली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर कशी होती, कितीला पडली, बाकीचे लोक काय म्हणाले हेच चाललंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मंडळीचं नाव टाकत नाही कारण बुवांनाच जाहिरात नकोय, नगरकडच्या कुठल्याही पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) विचारा, पत्ता लागेल.

ज्यांना वाटतं की ख्रिस्ती कीर्तन हे आत्ताचं काहीतरी फ्यूजन आहे त्यांच्यासाठी, अहो नाही. अमेरिकन मराठी मिशन ही मिशनरी संस्था नगरला १८३१ मध्ये आलं आणि त्याच शतकात तिकडच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन आपलंसं केलं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (कवी, जन्माने ब्राह्मण, नंतर ख्रिस्ती झाले) तर भजन-कीर्तनाचा ध्यासच घेतला. आपण चर्चमध्ये उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून जी गातो त्यातली कितीतरी गीतं त्यांचीच आहेत.

आता मेन मुद्दा. आमच्याकडे निम्मे पाहुणे ख्रिस्ती नव्हते, सोसायटीतले शेजारी, पप्पांचे बँकेतले लोक, खालच्या मजल्यावरचे दरवर्षी आळंदीहून वारीला जाणारे काका, सगळे. मला टेन्शन याचंच होतं. मागे आमच्याच एरियात एका ग्रुपने फ्री शुगर-बीपी चेकअप ठेवला आणि शेवटी दार लावून प्रार्थना घेतली, वर फॉर्मवर सगळ्यांचे फोन नंबर, त्यानंतर लोक आमच्याकडे कसे बघायचे ते आम्हालाच माहीत. बुवांनी माईक हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, सलाम, हे ख्रिस्ती कीर्तन आहे, यात प्रभू येशूचंच नाव येणार, ज्यांना फक्त जेवायला थांबायचंय त्यांच्यासाठी बाहेर खुर्च्या आहेत, कुणाला राग येणार नाही, कुठला फॉर्म भरायचा नाही न् नंबर द्यायचा नाही. दोघं-तिघं उठून गेले पण. बाकीचे निवांत मांडी घालून बसले. माझं निम्मं टेन्शन तिथंच गेलं.

आख्यान उधळ्या पुत्राचं, म्हणजे येशूने सांगितलेला बायबलमधला दाखला, वाटणी उडवून घरी परत येणाऱ्या मुलाची गोष्ट. पूर्वरंगात दोन अभंग आणि मग गोष्ट सुरू, पण ती थेट नेवासा तालुक्यात, बाप ऊसवाला, धाकट्याने वाटणीची जमीन विकून पुण्यात प्लॉटिंगच्या धंद्यात पैसा घातला, मित्र, हॉटेलं, नवी गाडी, सगळं उडवलं. लोक खो खो हसत होते कारण प्रत्येकाच्या घरात असा एक आहे. डुकरं राखायचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवला, तिथे पेटी थांबवली, नुसत्या चिपळ्या. आणि बाप लांबूनच ओळखून धावत सुटतो तिथे बुवा स्वतः धावले हो, साठीच्या पुढचा माणूस, उपरणं पडलं, तबलेवाल्याने उचललं, आणि माझे बँकवाले काका जे एरवी सगळ्यात खोड काढतात ते चष्मा पुसत होते.

यात एक भानगड झाली. मूळ दाखल्यात बाप पुष्ट वासरू कापायला सांगतो. बुवा 'गावजेवण घातलं' एवढंच म्हणून पुढे गेले. जेवताना माझ्या मामांनी पकडलं, बुवा तुम्ही वचनात फेरफार केला, लोकांना आवडावं म्हणून वासरू गाळलं. बुवांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "गाळलं नाही मामा, लूकच्या १५ व्या अध्यायात आहे आणि कुणी विचारलं तर आहे असंच सांगणार. पण गोष्ट बापाची आहे. वासराचं नाव काढलं असतं तर अर्धा हॉल तिथंच अडकला असता, बापापर्यंत पोचलाच नसता." मामांना पटलं नाही, ते अजून फोनवर वाद घालतात. मला पटलं, कारण लोकांना आवडावं म्हणून बुवा बोलत नाहीत हे पाचच मिनिटांनी दिसलं. वारीवाल्या काकांनी प्रेमाने विचारलं, शेवटी तुमचा येशू आणि आमचा विठोबा एकच ना? आता इथे हो म्हटलं की टाळ्या, फोटो, सगळं छान. बुवा म्हणाले, "काका, हो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी तसं मानत नाही, मग तुमच्या ताटाला ताट लावून खोटं कशाला बोलू. तुकोबांचं माझ्यावर ऋण आहे मात्र, आमचे टिळकच म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो." काका थोडे गप्प झाले, मग दोघांची चालींवर जी गाडी सुटली ती आईस्क्रीम वितळेपर्यंत.

बायबलमध्ये पेत्र हा येशूचा शिष्य त्याच्या पहिल्या पत्रात म्हणतो ना, कुणी आशेचं कारण विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यतेने, आपल्याकडे लोक पहिलं अर्ध पाठ करतात. टिळकांचंच बघा, १८९३ मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने सरकून जागा दिली, काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरायच्या आधी नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा भाग) हातात दिला. १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आणि घरात त्यांच्या बायको लक्ष्मीबाई सोवळ्याच्या कडक, त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला तो थेट १९०० मध्ये. आमच्याकडच्या काही उत्साही तरुण मंडळींना दोन रविवारांत रिझल्ट पाहिजे असतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

नवे करार बुवांनी दाराजवळच्या टेबलावर ठेवले होते, कुणाच्या हातात कोंबले नाहीत. किती गेले ते मोजलं नाही, बुवांनीही विचारलं नाही.

एक स्टार कापला त्याची कारणं. एक तर उशीर, सातचं कीर्तन पावणेआठला सुरू, चाकणला ट्रॅफिक होता हे मान्य पण फोन तरी करायचा. दुसरं म्हणजे सुनेवरचे विनोद, लोक हसले तरी मला आणि माझ्या जावेला अजिबात आवडले नाहीत, तोंडावर सांगितलं, बुवा म्हणाले बरं झालं सांगितलंत. तिसरं, उत्तररंग लांबला, शेवटचं भजन तीनदा फिरवलं आणि तोवर लहान पोरं झोपली, केटररवाला माझ्याकडे बघतोय.

मानधनाचा आकडा सांगत नाहीत, जाण्यायेण्याचा खर्च आणि पाकीट, पाकिटात काय ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पेटी-तबला धरून पाच माणसं येतात हे लक्षात ठेवून ठरवा. साउंड आपला लागतो, माईक तीन तरी घ्या, आमच्याकडे दोनच होते आणि टाळापुढे पेटी ऐकूच येत नव्हती. जेवण साधं चालतं, तिखट कमी. डिसेंबरची तारीख हवी असेल तर गणपतीच्या आधीच फोन करा, नाताळाच्या आसपास ते गावोगाव फिरत असतात, मिळत नाहीत.