फ्रोजन भेंडी: कशाला घ्यावी, कशाला नाही

परदेशातल्या मराठी घरांच्या फ्रीझरमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या शेजारी कापलेल्या भेंडीचं पाकीट हमखास सापडतं. त्याबद्दलची तक्रारही ठरलेली: भाजीला तार सुटते, शेवटी लगदा होतो. तक्रार खरी आहे, पण त्यातला निम्मा दोष पाकिटाचा आणि निम्मा ते आधी बाहेर काढून ठेवणाऱ्याचा. आमसुलाची, चिंचगुळाची किंवा ताकातली भेंडी करायची तर हा माल उत्तम. साध्या परतलेल्या भाजीला चालून जातो. भरली भेंडी करायच्या विचारात असाल तर मात्र पाकीट दुकानातच राहू द्या.

गोठवण्याआधी भेंडी साधारणपणे काही मिनिटं उकळत्या पाण्यातून काढतात, कारण तसं केलं नाही तर फ्रीझरमध्येही तिचा रंग आणि चव उतरत जाते. म्हणजे पाकिटातली भेंडी थोडी शिजलेली असतेच. त्यावर गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. ताज्या भेंडीत चिकटा आणि पाणी आतच असतं, सुरी लागेल तेवढंच बाहेर येतं. गोठवलेल्या तुकड्यातून मात्र वितळताना दोन्ही एकदम सुटतं आणि पाणी मिळालं की चिकटा फुगतो. एक तुकडा चिमटीत धरून पाहा: वरची बर्फाची भुकटी आधी ओली होते, मग पाच कोनांच्या कडा मऊ पडतात, आणि बोटं लांब केली की मध्ये तार दिसते. अख्खं पाकीट ओट्यावर तासभर राहिलं तर सगळ्या तुकड्यांचं हेच होतं. तेव्हा पहिला नियम, वितळवायची नाही. धुवायचीही नाही. मायक्रोवेव्हमध्ये ‘जरा सैल करून’ घेणं म्हणजे वितळवणंच.

पाकीट निवडताना ते हलवून बघावं. तुकडे सुटे खुळखुळले पाहिजेत. आत एकच ढेप लागत असेल तर माल वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय, तो घेऊ नये. पाकीट पारदर्शक असेल तर आतला बर्फ दिसतो. थोडी पांढरी भुकटी चालते, पण खडे जमले असतील तर माल जुना आहे किंवा त्याचं तापमान वरखाली झालंय. घटकांच्या यादीत भेंडीखेरीज काही नको. अमेरिकेत याच फळीवर मक्याच्या पिठात घोळवलेली, तळायला तयार भेंडी असते. घाईत तीच उचलली जाते आणि मग फोडणीत पीठ सुटून भाजीचं पिठलं होतं.

कापलेल्या मालात जून भेंडी लपते, हा या पाकिटांचा सगळ्यात मोठा दोष. मंडईत टोक मोडून कोवळी-जून कळते, इथे मोडणार काय? पाकीट ताटात ओतलं की मोठे, पिवळसर, टपोऱ्या बियांचे तुकडे आणि देठाकडचे टणक तुकडे सरळ वेचून टाकावेत. त्यांचा दोरा कितीही शिजवला तरी दातात येतो. अख्ख्या भेंडीच्या पाकिटात निवडायला निदान वाव असतो. गोठलेली अख्खी भेंडी पाच मिनिटांत सुरी चालेल इतपतच सैल होते, तेवढ्यात कापून घ्यावी. अरबी दुकानांत ‘बामिया’ नावाने मिळणारी इजिप्तची बारकी अख्खी भेंडी सर्वांत कोवळी. ती कापायचीसुद्धा नसते, तशीच आंबट रश्श्यात सोडावी. आखाती देशांत राहणाऱ्यांनी कापलेल्या पाकिटाऐवजी हीच घ्यावी.

आता परतलेली भाजी. ३४० ग्रॅमच्या पाकिटाला निदान २८ सेंटिमीटरचं पसरट पॅन हवं. खोल कढईत तुकड्यांचे थर बसतात, खालची वाफ वरच्या थरात अडकते आणि भाजी परतण्याऐवजी उकडते. लहान पॅन असेल तर दोन घाण्यांत करावी. पॅन मोठ्या आचेवर चांगलं तापवावं, चमचाभर तेल फिरवावं आणि फ्रीझरमधून काढलेले तुकडे थेट पसरावेत. झाकण ठेवायचं नाही, मीठ घालायचं नाही आणि पहिली चार मिनिटं उलथनं लावायचं नाही. ढवळलं की तुकडे फुटतात, बिया सुटतात आणि चिकटा सगळीकडे पसरतो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पॅनमध्ये भरपूर तार दिसेल. इथेच बरेच जण घाबरून झाकण ठेवतात किंवा आच कमी करतात आणि भाजी हातची जाते. आच मोठीच ठेवून दर दोन मिनिटांनी अलगद पालटत राहावं. दहा-बारा मिनिटांत पाणी आटतं, चर्रर्र आवाज कोरडा होतो, कडांना तांबूस डाग पडतात. भाजी तेव्हा जवळपास निम्मी झालेली असते, त्यामुळे एका पाकिटात तोंडीलावण्यापुरती दोघांचीच होते.

मग ती ताटलीत काढून त्याच पॅनमध्ये फोडणी: दीड टेबलस्पून तेल, अर्धा चमचा मोहरी, हिंग, ठेचलेल्या चार-पाच लसणीच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, पाव चमचा हळद. भेंडी परत घालून दोन मिनिटं परतायची आणि आता मीठ. मीठ आधी पडलं तर आटत आणलेल्या पाण्याच्या जागी नवं पाणी सुटतं. दोन टेबलस्पून दाण्याचं कूट अगदी शेवटी, आच बंद केल्यावर. उरलासुरला ओलावा ते शोषून घेतं, पण आधी घातलं तर तळाला लागतं. वरून लिंबू पिळावं. एवढं सगळं करूनही ताज्या भेंडीचा तो दाताखालचा करकरीतपणा येत नाही. चव येते, रंग बराचसा टिकतो. पाचपैकी अडीच गुण.

ओव्हन असेल तर त्याचा निकाल पॅनपेक्षा बरा आहे आणि लक्षही कमी द्यावं लागतं. २२० अंश सेल्सिअस, पंख्याचा ओव्हन असल्यास २००. ट्रे आतच तापवायचा, एक टेबलस्पून तेल चोळलेले गोठलेले तुकडे एका थरात पसरायचे, बाराव्या मिनिटाला पालटायचे, एकूण वीस ते पंचवीस मिनिटं. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, पण निम्मंच पाकीट घालून. नंतर फोडणीत दोन मिनिटं घोळवलं की झालं. कुरकुरी भेंडीची हौसच असेल तर आधी अशी कोरडी करून मग टेबलस्पूनभर बेसन आणि तेवढीच तांदळाची पिठी भुरभुरावी. ओल्या तुकड्यांना पीठ लावलं तर त्याची लापशीच होते. तरीही पहिली दहा मिनिटंच कुरकुरीत राहते, ताटं आधी वाढून ठेवावीत.

भरल्या भेंडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अख्खी गोठलेली भेंडी चिरता येते, मसालाही भरता येतो, पण साल सैल पडलेली असल्यामुळे शिजताना ती उघडते आणि सारण बाहेर.

हा माल खुलतो तो आंबट भाजीत. आंबटाने चिकट्याचा जोर ओसरतो आणि इथे तुकडा मऊ असणं हा दोषच नाही. आमसुलाच्या भाजीसाठी एक पाकीट वरच्यासारखंच आठ मिनिटं परतून घ्यायचं, पूर्ण कोरडं होण्याची वाट बघायची गरज नाही. मोहरी-हिंग-हळद-मिरचीची फोडणी, त्यात भेंडी, अर्धी वाटी गरम पाणी, चार-पाच आमसुलं, चमचाभर गूळ, मीठ, मंद आचेवर पाच मिनिटं, वर दोन टेबलस्पून ओलं खोबरं. पाणी गरमच हवं. लोखंडी भांडं नको, आंबटाने भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. चिंच वापरायची तर लिंबाच्या निम्म्या आकाराचा गोळा पुरतो, मात्र गूळ थोडा वाढवावा. आंबटात हिरवा रंग शेवाळी होतो, ताज्या भेंडीचाही होतो, त्याला इलाज नाही.

ताकातल्या भेंडीला अर्धा लिटर आंबट ताक, दीड टेबलस्पून बेसन आणि २०० ग्रॅम भेंडी हे प्रमाण. बेसन ताकात गुठळ्या न ठेवता घुसळून घ्यावं, त्याने ताक फुटत नाही. फोडणी देऊन मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणावी आणि परतलेली भेंडी शेवटच्या पाच मिनिटांत घालावी. सुरुवातीपासून घातली तर कढीलाच तार येते. या दोन्ही पदार्थांत ताज्या भेंडीशी तुलना करायची वेळच येत नाही, साडेचार गुण देऊन टाकावेत.

पुण्या-मुंबईत मंडई दोन गल्ल्यांवर असताना हे पाकीट घेण्यात काही मतलब नाही, चिरायचा वेळ वाचतो तेवढाच. हिवाळ्यात जिथे ताजी म्हणून मिळणारी भेंडी टोकाला काळी आणि वाकवली तरी न मोडणारी असते, तिथे हेच पाकीट सरस. अर्धं वापरून उरलेलं हवा काढून घट्ट बांधून लगेच आत ठेवावं, उणे १८ अंशांवर. भाजी होईपर्यंत ते ओट्यावर राहिलं आणि मग आत गेलं तर पुढच्या वेळी ढेप मिळते, आणि ती ढेप फक्त ताकात घालण्याच्या लायकीची असते.