साय कुंगमधले जिवंत माशांचे उपाहारगृह

हाँगकाँगच्या साय कुंग बंदरावर ओळीने उभ्या असलेल्या उपाहारगृहांपैकी एकात आम्ही गेल्या महिन्यात जेवलो. टाकीतला जिवंत मासा आपणच निवडायचा, तो कॅटीच्या, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅमच्या, मापाने तोलला जातो आणि थोड्याच वेळात आले, कांद्याची पात व सोया सॉस घालून अख्खा वाफवून समोर येतो. मांस काट्यापासून जेमतेम सुटेल इतकेच शिजवण्यात इथल्या आचाऱ्याचा हात धरणे कठीण आहे.

माझी तक्रार टाकीविषयी आहे. कोपऱ्यात जाड ओठांचा, डोळ्यामागे दोन काळ्या रेषा असलेला, ताटात सहज मावेल एवढा नेपोलियन मासा होता. हा मासा पुढे दोन मीटरपर्यंत वाढतो, तीस वर्षे जगू शकतो, आणि या आकाराचा असताना बहुधा त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. २००४ मध्ये त्याचा समावेश साइट्स या, वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत, झाला आणि हाँगकाँगमध्ये तो विक्रीसाठी जिवंत ठेवायला परवाना लागतो. एकाच परवान्यावर अनेक मासे खपवले जाऊ नयेत म्हणून तिथल्या संशोधकांनी चेहऱ्यावरच्या नक्षीवरून प्रत्येक मासा वेगळा ओळखण्याची पद्धत बसवली आहे. मी परवान्याची चौकशी केली, तेव्हा वाढप्याने विषय बदलला. शेजारच्या टाकीतला लाल, ठिपकेदार गोब्रा कुठून आला, यावरही ‘बाहेरून’ एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराने माझे समाधान होणे शक्य नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हाच गोब्रा गळाने आणि ठरवून दिलेल्या कोट्यात धरतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात मात्र पाण्यात बुडी मारणाऱ्या कोळ्यांनी प्रवाळाच्या कपारीत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडल्याचा इतिहास आहे, आणि त्या विषाने प्रवाळही मरते. शिवाय अनेक जातींचे गोब्रे अंडी घालण्यासाठी ठरावीक काळात ठरावीक जागी थव्याने जमतात. ती जागा कोळ्यांना एकदा कळली, की काही हंगामांतच तिथले मासे संपून जाऊ शकतात.

आम्ही शेवटी वाघ्या आणि महाकाय गोब्र्यांच्या संकरातून हॅचरीत जन्मलेला मासा मागवला. मत्स्यशेतीत अशा माशांना अनेकदा समुद्रातलेच छोटे मासे चारतात, त्यामुळे तोही पूर्ण निर्दोष नाही, पण निदान प्रवाळातून उचललेला नव्हता, आणि चवीत कुठेही उणा वाटला नाही. स्वयंपाकाला पाचपैकी पाच, माहितीला एक. प्रत्येक टाकीवर माशाचा देश आणि पकडण्याची पद्धत लिहिलेली दिसेपर्यंत मी तिथे पुन्हा जाणार नाही.