आधी पुस्तक, मग सिनेमा (एक अपवाद आहे)

रहस्यकथा आवडत असतील आणि केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' अजून वाचली नसेल, तर हातातलं बाजूला ठेवा आणि आधी ती घ्या, आणि ती संपेपर्यंत तिच्यावरचा कुठलाच सिनेमा बघू नका. मूळ जपानी कादंबरी २००५ ची, इंग्रजीत २०११ ला आली. खून कोणी केला, कसा झाला हे सुरुवातीलाच कळतं, शेजारी राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी ते निस्तरायला पुढे येतो, म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटतं आणि तरीही शेवटी पायाखालची जमीन सरकते. संपल्या संपल्या मी पहिलं प्रकरण परत उघडलं. इशिगामी सकाळी घरातून कामाला निघतो, वाटेत त्याला काय काय दिसतं एवढंच साधं वर्णन आहे. पहिल्यांदा मी ते भराभर वाचून पुढे गेले होते, आता एकेका ओळीवर थांबत होते, कारण लेखकाने सगळं आपल्या डोळ्यांसमोरच ठेवलं होतं.

हिच्यावर जपानमध्ये २००८ ला सिनेमा झाला, मग २०१२ ला कोरियन, २०१७ ला चिनी आणि २०२३ ला नेटफ्लिक्सवर हिंदी 'जाने जान'. पुस्तकात तपास करणारा पोलीस वेगळा आणि त्याचा मित्र, भौतिकशास्त्राचा प्राध्यापक युकावा वेगळा. हा युकावा इशिगामीचा कॉलेजातला मित्र, आणि त्याला खरं काय ते जसजसं कळत जातं तसतसा तो आतून तुटत जातो. कोरियन आणि हिंदी सिनेमाने या दोघांचा मिळून एकच माणूस केलाय, म्हणजे पोलीसच जुना मित्र. गोष्ट आटोपशीर होते हे खरं, पण आपल्या मित्राबद्दल आपल्याला जे कळलंय ते दुसऱ्या मित्राला सांगायचं की नाही ही ओढाताण त्यात निघून जाते आणि माझ्या मते तोच तर कादंबरीचा जीव आहे. जयदीप अहलावतसाठी मात्र 'जाने जान' नक्की बघा, काय अवघडलेला माणूस उभा केलाय त्याने!

आता अपवाद. अँडी वियरचं 'द मार्शियन'. मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची ही डायरी लेखकाने आधी स्वतःच्या वेबसाइटवर तुकड्या-तुकड्याने टाकली होती, मोठ्या प्रकाशकाकडून ती आली २०१४ ला आणि रिडली स्कॉटचा सिनेमा २०१५ ला. पुस्तकात आकडेमोड आणि केमिस्ट्री भरपूर आहे, ज्यांना त्याची धास्ती वाटते त्यांनी खुशाल सिनेमा आधी बघा. पुस्तकाची मजा कमी होत नाही, कारण शेवटच्या लांबच्या प्रवासातलं धुळीचं वादळ आणि गाडी उलटते तो सगळा भाग सिनेमात घेतलेलाच नाही, तो वाचताना मी अक्षरशः श्वास रोखून धरला होता. शिवाय स्पेससूटच्या हातमोज्याला भोक पाडून सुटणाऱ्या हवेच्या जोरावर उडत जायची आयडिया पुस्तकात तो फक्त सुचवतो आणि कॅप्टन नाही म्हणते, सिनेमात तो ते खरंच करतो. मला पुस्तकातलं पटलं.

विकत घेताना एक बघा. सिनेमा आला की पुष्कळदा त्याच पुस्तकाची पोस्टरवाली पेपरबॅक निघते, आतला मजकूर बहुतेक वेळा तोच असतो, तेव्हा जुन्या कव्हरची प्रत घरात असेल तर परत घेऊ नका.

आणि ज्यांना वाचायला वेळच मिळत नाही त्यांच्यासाठी क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. जेमतेम सव्वाशे पानं, एका बैठकीत होते. १९८५ चा नाताळ, आयर्लंडमधलं एक लहान गाव, कोळसा आणि लाकूड विकणारा बिल फर्लाँग, पाच मुलींचा बाप. कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोचवायला जातो आणि तिथे त्याला जे दिसतं त्याकडे सगळं गाव वर्षानुवर्षं काणाडोळा करत आलेलं असतं. आवाज न चढवता लिहिलंय आणि म्हणूनच आत रुतून बसतं. २०२४ च्या सिनेमात फर्लाँग झालाय किलियन मर्फी. तो फार कमी बोलतो. कामावरून येतो आणि काळे झालेले हात ब्रशने घासत बसतो, घासत बसतो. पुस्तक आधी वाचलेलं असेल तर त्या वेळी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं.