लेझर प्रिंटरवर घरी पीसीबी: काही महिन्यांनंतर, आणि ड्रमची भानगड

१२ए कार्ट्रिजवाला जुना प्रिंटर खोलून थेट कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) टोनर (प्रिंटरची काळी पावडर) मारून पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड बनवायचा सेटअप गेले काही महिने वापरतोय, आज लिहायला बसलो ते रिफिलवाल्याशी झालेल्या भांडणामुळे.

मॉडिफिकेशन थोडक्यात असं, कागदाचं वळण काढून सरळ रस्ता, फ्युजर (टोनर तापवून चिकटवणारा भाग) बाहेर पण वायर जोडलेलीच कारण त्याचं तापमान कळलं नाही की प्रिंटर एरर देतो (भयंकर तापतो, फरशीवर ठेवा). पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, तांबं आतल्या पत्र्याला टेकलं की ट्रान्सफरचा, म्हणजे टोनर बोर्डवर ओढणारा, चार्ज तिकडे निघून जातो आणि प्रिंट फिकी येते. बोर्ड सरकतो त्या गाइडला कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी) लावली आणि ट्रॅक (सर्किटच्या रेघा) एकदम काळेभोर! टोनर तेव्हा नुसती भुकटी असते, बोट लागलं की गेलं, म्हणून बोर्ड आडवा धरून जुन्या ओटीजी ओव्हनमध्ये १८०-२०० डिग्रीला, चमक आली की बाहेर. मग फेरिक क्लोराइडमध्ये, टोनर नसलेलं तांबं विरघळून जातं. कागदावरून टोनर उतरवायच्या जुन्या पद्धतीतली इस्त्री, ग्लॉसी कागद, भिजवून चोळणं सगळं संपलं, ०.८ मिमी पिचच्या (पायांमधलं अंतर) एटमेगा चिपचा बोर्ड आरामात होतो.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच देणार होतो. मग ट्रॅकमध्ये बारीक तूट यायला लागली, बरोबर ७५ मिमीवर तीच परत. कार्ट्रिजमधल्या ड्रमचा (ज्या नळीवरून टोनर बोर्डवर उतरतो) घेर तेवढाच, म्हणून दर फेरीला तोच दोष. कापलेल्या बोर्डच्या कडेला तांब्याची बर (धारदार कंगोरा) राहते ती ड्रमचं कोटिंग ओरबाडते. रिफिलवाल्याने ड्रम बदलला म्हणून वेगळे दीडशे घेतले, घरी येऊन प्रिंट काढली तर तूट तशीच, तेवढ्याच अंतरावर! कार्ट्रिजचं झाकण सरकवून बघितलं तर हिरव्या ड्रमवर तोच चरा. नुसती पावडर भरून दिली होती, आणि वर मलाच म्हणतो प्रिंटर खराब आहे. दोन प्रिंट समोर ठेवून पट्टीने अंतर मोजून दाखवलं तेव्हा त्याने पैसे परत दिले. दीडशे रुपये का असेनात, कामाचे पैसे घेतले तर काम करायला पाहिजे.

आता ड्रम सुटा आणून स्वतः बसवतो, पुण्यात बुधवार पेठेत मिळाला. चीनहून बोर्ड स्वस्त पडतात पण शिपिंग आणि कस्टम धरलं की एका बोर्डसाठी परवडत नाही, त्यामुळे हा प्रिंटर ठेवणारच, मात्र आता पाचपैकी चार. बोर्ड १.६ मिमीऐवजी ०.८ मिमी जाडीचा घ्या, चारही कडा आधी कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासा, बोट फिरवून कुठे टोचत नाही ना बघा, मगच आत सरकवा.