ताब्याचा दावा न्यायप्रविष्ट असताना आरटीई २५ टक्के प्रवेश : ही सेवा आईच्या कितपत उपयोगी पडते?

महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाकडून दरवर्षी राबवल्या जाणाऱ्या आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालील) २५ टक्के ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या घरात पती-पत्नीचा दावा चालू आहे आणि मुले कोणाकडे राहणार हे अद्याप ठरलेले नाही, त्या घराच्या दृष्टीने या सेवेचे परीक्षण माझ्या वाचनात आले नाही. माझी धाकटी बहीण दोन मुलांसह माहेरी आली, घटस्फोटाचा आणि मुलांच्या ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला, आणि त्याच वर्षी भाची पहिलीच्या वयाची झाली. तिचा अर्ज मीच भरला आणि प्रवेश निश्चित होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर बहिणीसोबत होतो. माझे मत आधीच सांगतो : ही सेवा अशा आईने अवश्य वापरावी, पण न्यायालयातील कागद आधी हाती घेऊनच वापरावी. पाचपैकी साडेतीन गुण मी तिला देईन. उरलेले दीड गुण का कापले, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित (उदाहरणार्थ, अनुसूचित जाती-जमातींतील) आणि दुर्बल घटकांतील बालकांना द्याव्या लागतात, आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, त्यांना शुल्क माफ असते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. वंचित घटकांतील बालकांना ही उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तो टिकला असता तर आमच्यासारख्या शहरी वस्तीतील कुटुंबांना निवडायला जवळपास काहीच उरले नसते.

या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी, की तिच्या कागदपत्रांच्या यादीत विधवा आणि घटस्फोटित महिलांबरोबरच घटस्फोटाचे प्रकरण न्यायप्रविष्ट असलेल्या महिलांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. प्रकरण न्यायालयात असल्याचा पुरावा, आईचा किंवा बालकाचा रहिवासी पुरावा आणि घटकानुसार जातीचा अथवा उत्पन्नाचा दाखला, एवढे त्यात मागितले जाते. निकालाची अट नाही. ज्या स्त्रीला जिथे जाईल तिथे ‘निकाल लागल्यावर या’ असे ऐकावे लागते, तिच्यासाठी हा उल्लेख किती मोलाचा आहे हे मी बहिणीच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पुरावा म्हणून आम्ही घटस्फोटाच्या अर्जाची न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरील खटल्याच्या सद्यःस्थितीची छापील प्रत जोडली. सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाकला की ही माहिती विनामूल्य मिळते. पडताळणी समितीने दोन्ही कागद पाहिले आणि त्याविषयी पुढे काही विचारले नाही.

खरी अडचण पत्त्याची आहे. निवड सोडतीने होते, पण तिच्यातील प्राधान्य शाळेपासूनच्या अंतरावर ठरते. एक किलोमीटरच्या आतील बालकांना प्राधान्य मिळते आणि त्यानंतर एक ते तीन किलोमीटरमधील बालकांचा विचार होतो. अर्जात घराचे स्थान नकाशावर दाखवावे लागते आणि रहिवासी पुरावा त्याच्याशी जुळावा लागतो. माहेरी परतलेल्या स्त्रीकडे नेमका हाच कागद नसतो. तिचे आधार कार्ड सासरच्या पत्त्याचे, रेशनकार्डावर नाव सासरचे, आणि माहेरचे वीजबिल वडिलांच्या किंवा भावाच्या नावाचे असते. भाडेकरार जोडायचा असेल तर तो नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा किंवा त्याहून अधिक मुदतीचा हवा आणि अर्ज भरण्यापूर्वी झालेला हवा. लेकीकडून भाडे घेतल्याचा करार माहेरची माणसे करणार तरी कसा? आमचा मार्ग आधारच्या पत्ताबदलातून निघाला. जानेवारी २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची ऑनलाइन सोय आहे. माझे वडील कुटुंबप्रमुख या नात्याने संमती देऊ शकले आणि बहिणीचा पत्ता माहेरचा झाला. ज्यांना अशी वेळ येण्याची शक्यता दिसते त्यांनी हे काम अर्जाची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच करून घ्यावे, कारण प्रवेशाचे वेळापत्रक दरवर्षी सारखे नसते : २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी अर्ज जानेवारीतच सुरू झाले होते, तर त्याआधीच्या वर्षी न्यायालयीन वादामुळे सोडतीचा निकाल लागेपर्यंत जुलै उजाडला होता.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एका बालकाचे एकाहून अधिक अर्ज आढळल्यास ते अर्ज बाद ठरतात. एकत्र राहणाऱ्या पालकांसाठी हा नियम योग्यच आहे, कारण त्यामुळे सोडतीत कोणी दोन संधी घेत नाही. पण जिथे आई-वडील वेगळे राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघांनाही मुलाची काळजी आहे, तिथे दोघांनी आपापल्या घराजवळच्या शाळांसाठी स्वतंत्र अर्ज भरला तर शिक्षा मुलाला होते. वडिलांचा हेतू वाईट असण्याचीही गरज नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आम्ही वकिलांमार्फत मेहुण्यांना लेखी कळवले, आणि तसे कळवल्याचा कागद जपून ठेवला. अर्जात मोबाइल क्रमांकही आईचाच द्यावा. त्यावरील संदेशावर मात्र विसंबू नये. अर्ज क्रमांक टाकून सोडतीची स्थिती संकेतस्थळावर स्वतः पाहत राहावे, असे शिक्षण विभागही सांगतो.

आता न्यायालयाच्या बाजूविषयी, कारण माझ्या मते प्रवेश पक्का होतो तो तिथेच. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी न्यायालय दावा चालू असतानाच अंतरिम आदेश देऊ शकते. २००१ मध्ये या कलमाला जोडलेल्या परंतुकानुसार, निर्वाह व शिक्षणाविषयीचा असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायचा आहे. ‘शक्यतो’ म्हटल्यामुळे प्रत्यक्षात तो लांबू शकतो, हे खरे. तरीही अनेक स्त्रिया हा अर्जच करत नाहीत, कारण ताब्याचा मुख्य प्रश्न सुटल्यावर शाळेचा आपोआप सुटेल, असे त्यांना वाटते किंवा कोणीतरी सांगितलेले असते. शाळेचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडता येतो आणि तसाच तो मांडला पाहिजे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

आमच्या बाबतीत अंतरिम आदेशापूर्वीच एक साधा उपाय निघाला, आणि त्याचे श्रेय न्यायालयातील विवाह समुपदेशकांना आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना समोर बसवून विचारले, की ताबा कोणालाही मिळो, मुलीने यंदा शाळेत जायचे की नाही? यावर दोघांचेही उत्तर एकच होते. मग संयुक्त पुरसिस, म्हणजे दोन्ही बाजूंनी सही करून न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, दाखल झाली : मुलीचा प्रवेश आईच्या घराजवळच्या शाळेत घ्यावा; त्यामुळे ताब्याच्या दाव्यातील कोणाच्याही हक्काला बाधा येणार नाही; आणि वडिलांना प्रगतिपुस्तक पाहण्याचा व पालकसभेला येण्याचा अधिकार राहील. शेवटचे वाक्य बहिणीला प्रथम जड गेले. परंतु मेहुण्यांचा विरोध मावळला तो त्याच वाक्यामुळे, आणि मुलीचा अभ्यास वडिलांनी पाहू नये असे काही कारण आमच्याकडे नव्हते. जिथे मारहाणीचा किंवा मुलाला पळवून नेण्याचा धोका आहे, तिथे हा मार्ग अर्थातच लागू होणार नाही. तिथे न्यायालयाकडून संरक्षणाचा स्पष्ट आदेशच मागितला पाहिजे.

सोडतीत नाव लागल्यावर अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्र छापून पडताळणी समितीकडे जायचे, आणि समितीने मान्य केल्यावर शाळेत. समितीपर्यंतचा प्रवास सुरळीत झाला. शाळेने मात्र वडिलांची सही आणल्याशिवाय प्रवेश देता येणार नाही, असे सांगितले. शिक्षण हक्क कायद्यात दोन्ही पालकांच्या सह्यांची अट कोठेही नाही. नैसर्गिक पालकत्वाचा मुद्दा काढला गेला, तर गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे, की वडील हयात असले तरी मुलाच्या देखभालीपासून प्रत्यक्षात दूर असतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. इतका युक्तिवाद करण्याची वेळ आमच्यावर आली नाही. पुरसिसची नक्कल पुढे ठेवताच कारकुनांनी प्रवेश नोंदवला. पण ज्या आईकडे ती नक्कल नसेल, तिने त्या टेबलासमोर काय करायचे? गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, परंतु प्रवेश घेण्याची मुदत त्या काळात चालूच राहते आणि तिच्या मागे प्रतीक्षा यादीतील मुले उभी असतात. माझे कापलेले गुण मुख्यतः येथेच गेले आहेत.

भाचा चौथीत होता. २५ टक्के प्रवेश फक्त प्रवेशाच्या वर्गासाठी असल्यामुळे त्याला या सेवेचा उपयोग नव्हता, आणि तरीही त्याचे काम तिच्यापेक्षा सोपे झाले. कायद्याच्या कलम ५ नुसार कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागलेल्या बालकाला शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. महापालिकेच्या शाळेतील मुख्याध्यापिका बाईंनी त्याला त्याच दिवशी वर्गात बसवले आणि दाखल्याचा पत्रव्यवहार शाळेकडून सुरू केला. त्यांनी एक गोष्ट आपणहून विचारली, ती मी भाचीच्या शाळेलाही कळवली : मुलाला शाळेतून न्यायला कोण येणार आणि कोणाच्या हाती द्यायचे नाही, हे न्यायालयाच्या कागदानुसार लिहून द्या. दावा चालू असताना प्रवेशाइतकीच ही नोंद महत्त्वाची आहे, आणि ती वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचली आहे याची खात्री पालकांनी स्वतः करावी.

शिक्षण विभागाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. एका बालकाचे दोन अर्ज आले आणि त्यांपैकी एकाला न्यायप्रविष्ट प्रकरणाचा पुरावा जोडलेला असेल, तर दोन्ही अर्ज बाद करण्याऐवजी पालकांना कळवून ठरावीक मुदतीत एक अर्ज कायम करण्याची संधी द्यावी. आणि समितीने न्यायप्रविष्ट प्रकरण म्हणून मान्य केलेल्या अलॉटमेंट लेटरवरच, दुसऱ्या पालकाच्या सहीअभावी प्रवेश नाकारू नये, असे शाळेला उद्देशून छापावे.